चहापाण्याचा डबा

सौंसर
७ डिसेंबर १९८६

हेमंत,

मायन्यात जागा न घालवता तथ्ये क्रमाने मांडते. ती तुला माहीत आहेत. तरीही मांडते, कारण तुझ्या डोक्यात घटना ज्या क्रमाने साठतात तो घटनांचा क्रम नसतो.

पहिले. दर रविवारी दुपारी तुझ्या भाऊजींची मित्रमंडळी तीन पत्ती खेळत असत, आळीपाळीने एकेकाच्या घरी. ज्याच्या घरी खेळ त्याने सर्वांना खाऊ-पिऊ घालायचे, हा रिवाज. आरंभी चहा आणि चिवडा असे. मग कापसाच्या जिनिंगवाल्या भगवंतरावांनी आपल्या पाळीला मटण केले आणि पुढच्या प्रत्येक यजमानाला ती पायरी चढणे भाग पडले.

दुसरे. यांच्या कचेरीतले मोतीराम रामाकोन्याहून येत. स्वतःची पाळी जवळ आली की ते आजारी पडू लागले. मागच्या खेपेस त्यांच्या पत्नी यमुनाबाईंनी अंड्यावरची कोंबडी कापून पाहुण्यांना वाढली होती, हे मला नंतर कळले. भगवंतरावांच्या घरी मोतीरामांचा कप वेगळा असे, हे मात्र कळण्यासारखे नव्हते, दिसण्यासारखे होते. तो कानतुटका कप फडताळात वेगळा ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे.

तिसरे. म्हणून पोळ्यानंतर मी नियम केला. खेळ आमच्याच घरी होईल. मद्य येणार नाही. डाव जिंकणाऱ्याने दर डावाला चार आणे स्टीलच्या डब्यात टाकावेत, त्यातून सगळ्यांचे चहापाणी होईल. जिथे प्रत्येकाने मोजून दिले आहे तिथे कोणाचा कप वेगळा ठेवता येत नाही आणि कोणाला कोणाच्या मटणाखाली वाकावे लागत नाही. हा नियम निर्दोष होता असे माझे आजही मत आहे.

चौथे. १६ नोव्हेंबरला तू पांढुर्ण्याहून संत्र्यांची टोपली घेऊन आलास, पहिलाच डाव जिंकलास आणि चार आणे टाकायला नकार दिलास. "ताई, भाऊबीजेले ताटात टाकले, आता डब्यातबी टाकू काय?" हे तुझे वाक्य. सगळे हसले. मी नियम सर्वांना सारखा असल्याचे सांगितले. तू उठून गेलास. तासाभरात पोलीस आले.

पाचवे. बाकीच्यांनी खेळल्याचे कबूल केले, दंड भरला, सुटले. तुझ्या भाऊजींवरचे कलम निराळे आहे. जुगाराच्या अड्ड्याचा मालक प्रत्येक डावातून स्वतःसाठी हिस्सा कापतो, त्याला नाल म्हणतात. आमच्या डब्यातले पैसे ही नाल होती, म्हणून हे घर अड्डा आणि घरभाड्याची पावती ज्यांच्या नावाने ते अड्डेवाले, असे पोलिसांचे म्हणणे. फुकट चहा पाजला असता तर गुन्हा नव्हता. न्यायाने वाटणी केली तर गुन्हा!

हे निलंबित आहेत. आरोप सिद्ध झाला तर नोकरी जाईल, निवृत्तिवेतनही जाईल. तारीख १२ जानेवारी.

खेळणाऱ्यांपैकी आरोपी नसलेला तू एकटाच आहेस, म्हणून तुझ्या शब्दाला किंमत आहे. सोबत तुझ्या निवेदनाचा मसुदा जोडला आहे. त्याचा आशय एवढाच की डबा खेळणाऱ्यांचा सामाईक होता, लोक त्यात स्वेच्छेने वर्गणी टाकत, तिचा डावांशी संबंध नव्हता, आणि एक पैसाही घरात राहिला नाही. खाली सही करून उलट टपाली पाठव. मसुद्यात बदल करू नये.

नोव्हेंबरच्या कार्डावर मी तुझ्याविषयी जे लिहिले, तुझे जाणे आणि पोलिसांचे येणे यांचा जो संबंध जोडला, त्याची चर्चा या पत्रव्यवहारात नको.

रजनी


सौंसर
१६ डिसेंबर १९८६

हेमंत,

मसुदा परत मिळाला. 'स्वेच्छेने' या शब्दावर तू लाल शाईने काट मारली आहेस. संत्र्यांच्या पेट्यांवर खुणा करायची ती शाई असावी. समासात लिहिले आहेस: "ताई, हे खोटं आहे. तू दारात उभी राहून 'भगवंतराव, डबा!' म्हणून आवाज देत होती. पांढुर्ण्याच्या पंचक्रोशीत कोणी एवढ्या जोरात वर्गणी मागत नाही."

विनोद करण्याची ही वेळ आहे का?

मी आवाज देत असे, कारण भगवंतराव विसरत. विसरणाऱ्याला आठवण देणे ही जबरदस्ती नव्हे. वर्गात मी मुलींना गृहपाठाची आठवण देते, म्हणून गृहपाठ माझा होत नाही.

मसुद्यातले 'एक पैसाही घरात राहिला नाही' हे वाक्य मात्र मीच दुरुस्त करते. डब्यातून कप-बश्या घेतल्या होत्या, सगळे एकसारखे, पांढरे, निळ्या काठाचे. कप लागले ते खेळणाऱ्यांना. आमची दोघांची चहाची सोय त्याआधीही होतीच. वकिलांनी मात्र ते ऐकून पेन खाली ठेवले. म्हणाले, "बाई, हे कोणाजवळ बोलू नका. हाच तर फायदा झाला ना घरमालकाचा." मी विचारले, कपाच्या कानाला कोणता फायदा लटकलेला असतो?

इथली स्थिती तुला माहीत असावी, म्हणून लिहिते. हे रोज दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि कचेरीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसतात. रस्त्याने कचेरीतले लोक जातात. पूर्वी ते थांबत. आता ऐन आमच्या दारासमोर प्रत्येकाला सायकलची साखळी तपासायची असते. हे तरीही प्रत्येकाला हात वर करतात. मी आत या म्हणते, तर म्हणतात, "बसू दे न. आत बसून काय करू?"

शाळेत संस्थेच्या चिटणिसांनी मला बोलावले होते. खुर्ची दिली, चहा दिला, आणि 'घरचं सगळं ठीक?' एवढेच विचारले. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांनी मला कधी चहा दिला नव्हता. तो माझ्या हातून बशीत थोडा सांडला. माझ्या हातून चहा सांडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

मोतीराम परवा येऊन गेले. दाराबाहेरच चप्पल काढून उभे. मी म्हटले, बसा. बसले नाहीत.

"बाई, मी सांगतो न कोर्टात. तुमच्या घरी मले बरोबरीनं बसवलं, हे सांगतो."

"तुम्ही दंड भरला आहे, मोतीराम. तुमच्या शब्दाला आता तिथे वजन नाही."

"वजन त पहिलेबी कुठं होतं?" ते म्हणाले आणि हसले. मग यांच्या शेजारी ओट्यावर बसून राहिले. आमच्या ओट्यावर दिवसाउजेडी येऊन बसणारे ते एकटेच आहेत, आणि नोकरी त्यांचीही सरकारीच आहे.

धाडीच्या दिवशी मी पोलिसांना चहा दिला होता, हे तू ऐकले असशीलच. घरात आलेल्या माणसाला चहा देतात. त्यांचा अधिकारी कप उचलून म्हणाला, "बहनजी, इसके भी चार आने लगेंगे क्या?" खोलीतले सगळे हसले. माझ्या घरात माझ्यावर सगळे हसले असे ते त्या दिवशी दुसऱ्यांदा झाले. पहिल्यांदा तुझ्यामुळे.

नवा मसुदा जोडला आहे. 'स्वेच्छेने' काढून 'सर्वसंमतीने' घातले आहे. आता तरी सही कर.

रजनी


सौंसर
२८ डिसेंबर १९८६

हेमंत,

तुझे पत्र मिळाले. मसुदा मिळाला नाही. तो तू ठेवून घेतलास की फाडलास हे लिहिण्याचे सौजन्य दाखवलेले नाहीस. मुद्द्यांनाच उत्तर देते.

तू विचारतोस, "डबा तुझा होता, तर कोर्टात भाऊजी कायले उभे राहून राहिले?" कारण घर त्यांच्या नावावर आहे. कायद्याने पावतीवरचे नाव पाहिले. मी ते बदलायला गेले नाही. वकिलांनीही सांगितले, बाईमाणसाचे नाव यात येऊ देऊ नका, शाळा जाईल. हा सल्ला मी मागितला नव्हता. पण नाकारलाही नाही.

तू लिहितोस, "मी चार आण्यासाठी उठलो नाही, तुलेबी माहीत आहे." मला माहीत नाही. तू चार आण्यांवरून वाद घातलास आणि उठलास. मध्ये काय झाले याची उजळणी करण्याचे कारण मला दिसत नाही.

आता भगवंतरावांविषयी. काल ते आले होते. धाडीनंतर पहिल्यांदाच. आल्या आल्या कोच अडवून बसले आणि डोळे पुसू लागले. मी स्वयंपाकघरातूनच ऐकत होते.

"श्रीधरराव, तुम्हाले सांगतो, तुमच्या घरच्या आलूबोंड्यासारखा आलूबोंडा आता मिळून नाही राहिला. हारलो तरी दुःख वाटत नव्हतं बापा."

हे म्हणाले, "बायको करते ते. मी फक्त खातो."

"म्हणून तर मी साऱ्या बाजारात सांगून राहिलो होतो! व्यवस्था पाहायची असन तर बाईंच्या घरी जाऊन पाहा. चार आणे टाका, गरम आलूबोंडा, दुसरा चहा, कटकट नाही. जिनिंगवर ठाणेदारसाहेब आले होते, त्याहिले पण मीच सांगितलं. म्हटलं, साहेब, तुमच्या मेसमध्ये अशी सोय पाहिजे."

मी बाहेर आले.

"केव्हा सांगितलेत?"

"दिवाळीच्या आधी, वहिनी. तारीफच केली न."

त्यांना वाईट वाटले होते, ते खरे होते. त्यांना आजही कळलेले नाही की त्यांनी काय केले. मी त्यांना सांगितलेही नाही. चहा दिला. त्यांनी सवयीने खिशात हात घातला आणि नाणे शोधू लागले. यांनी मान वळवली.

तेव्हा नोव्हेंबरच्या कार्डावरचा माझा तर्क चूक होता, असे लेखी नमूद करते. ते कार्ड उघडे होते आणि तुमच्या पोस्टातल्या चार लोकांनी ते वाचले असेल, म्हणून हे पत्र तू त्या चौघांना दाखवलेस तरी माझी हरकत नाही.

आणखी एक. डब्यातून कपांखेरीज एक स्टोव्हही घेतला होता. आलूबोंडे तळताना जुन्या स्टोव्हवर चहा वेळेवर होत नसे. हे मागच्या पत्रात लिहायचे राहिले. राहिले नाही. लिहिले नाही.

या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट शेवटी लिहिते. हे कोर्टात गुन्हा कबूल करणार आहेत. आज सकाळी जेवताना भाकरीचा तुकडा मोडत, भाजीत मीठ कमी आहे म्हणावे त्या सुरात म्हणाले, "मी हो म्हणून टाकतो. डबा माझा होता म्हणतो. किती दिवस ओट्यावर बसायचं?"

मी म्हटले, नोकरी जाईल.

"जाईल. तुझी राहते. दोघांपैकी एकाची राहिली त घर चालते. आणि खरं सांगू का, तुझी नोकरी माझ्यापेक्षा चांगलीच आहे." मग हसले.

मला त्यांचे ते हसणे आवडले नाही.

तू सही केली असतीस तर ही वेळ आली नसती. केली असतीस तर खोटी साक्ष झाली असती, हेही मला समजते. दोन्ही वाक्ये एकदमच खरी असल्याने मला काही सुचत नाही. तुला सुचत असल्यास लिही.

रजनी


सौंसर
४ जानेवारी १९८७

हेमंत,

तुझे उत्तर आलेले नाही. तारीख आठवड्यावर आली आहे. वाट पाहण्याइतका वेळ नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरबरोबर पाठवते आहे. तो स्टँडवर तुझ्या आडत्याच्या दुकानात देईल.

काल संध्याकाळी यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. कोर्टात द्यायचा त्यांचा कबुलीजबाब. वकिलांनी सांगितल्यावरून स्वतःच लिहिलेला. म्हणाले, "जरा भाषा पाहून दे." लग्न झाल्यापासून यांचा प्रत्येक अर्ज माझ्या हाताखालून गेला आहे, रजेचा असो की बदलीचा. मी पेनाचे टोपण काढले आणि वाचायला बसले.

"सदर डबा मी ठेवला. प्रत्येक डावातून आठ आणे घेण्याचा नियम मी केला. त्यातून माझा फायदा झाला. माझ्या पत्नीस याची कल्पना नव्हती."

भाषा ठीक होती. तपशील एकही ठीक नव्हता. आठ आणे नव्हते, चार होते. नियम यांनी केला नव्हता. यांनी आयुष्यात एकही नियम केलेला नाही. आणि 'माझ्या पत्नीस कल्पना नव्हती'! माझ्या घरात, माझ्या डब्याची, मला कल्पना नव्हती! हे वाक्य न्यायाधीशांसमोर मोठ्याने वाचले जाणार, आणि गावातल्या लोकांनी ते ऐकायचे. दर रविवारी दुपारी माझा आवाज रस्त्यापर्यंत ऐकलेले हेच लोक.

मी विचारले, आठ आणे कुठून आणले?

"मोठा आकडा असला की विश्वास बसते," हे म्हणाले. "चार आण्यासाठी कोणी अड्डा चालवते काय?"

मी कागद परत दिला. म्हणाले, "काही दुरुस्ती नाही?" मी म्हटले, आहे; हा माणूसच चुकीचा लिहिला आहे.

रात्रभर विचार केला. उद्या वकिलांना सांगणार आहे की १२ तारखेला मी उभी राहीन आणि म्हणेन की डबा माझा, नियम माझा, दर माझा, कप आणि स्टोव्ह माझ्या हिशेबातले. मला त्याची लाज वाटत नाही. नियम चांगला होता. कायद्याला तो नाल वाटत असेल तर कायद्याने मला विचारावे, यांना नाही. शाळेचा राजीनामा लिहून ठेवला आहे. चिटणिसांनी पुन्हा चहा देण्याआधी तो त्यांच्या टेबलावर असेल.

परंतु मी एकटीने सांगून भागणार नाही. वकिलांचा आक्षेप ठरलेला आहे: बायको नवऱ्याला वाचवते आहे, कोर्ट ऐकणार नाही. नियम यांचा नव्हता आणि यांचा त्याला विरोध होता, हे तिसऱ्या माणसाने सांगितले पाहिजे. तो विरोध यांनी एकदाच, मोठ्याने, १६ नोव्हेंबरला केला. ऐकणाऱ्यांपैकी आरोपी नसलेला तू एकटा.

मसुदा या वेळी पाठवत नाही. तुझ्या हाताने, तुझ्या भाषेत लिही. तू डबा ढकललास, मी नियम सांगितला, आणि मग तुझे भाऊजी म्हणाले, "रजनी, राहू दे. घरी आलेल्या माणसाले चहा पाजाले माझा पगार पुरते. हा डबा उचल येथून."

हे वाक्य लिही. त्याच्यापुढे मी दिलेले उत्तरही लिही. ते सोडलेस तर पहिले वाक्य रचलेले वाटेल. नवऱ्याने विरोध केला आणि डबा तरीही जागेवर राहिला, याचा उलगडा त्या उत्तरानेच होतो. माझ्या पत्रांतून मी ते वगळत आले आहे. तू वगळू नकोस. तुझ्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास नसल्याने ते इथे शब्दशः देते. मी सगळ्यांसमोर म्हटले, "तुमच्या पगारात तुमचा स्वतःचा चहा भागतो का, ते आधी पाहा."

त्यावर हे पत्ते पिसू लागले. तू माझ्याकडे पाहिलेस, टोपीही न घेता उठलास आणि गेलास. चार आण्यांसाठी नव्हे.

कोर्टात हे वाक्य वाचले जाईल तेव्हा मी तिथेच उभी असेन. हेही असतील. ती काळजी तू करायची नाही.

समजूत घालायला येऊ नकोस. भाऊजींना सांगून मला थांबवण्याचा प्रयत्न करू नकोस. त्यांना अजून यातले काही माहीत नाही. निरोप पाठवू नकोस, कंडक्टरजवळ तोंडी 'हो' सांगू नकोस, तोंडी होकाराला कोर्टात अर्थ नसतो. दोन्ही वाक्ये, तारीख, आणि खाली तुझी पूर्ण सही, एवढे शनिवारपर्यंत माझ्या हातात पडले पाहिजे.

उत्तर लेखी दे.

रजनी